आतला पॅड

सिग्नल लाल झाला, तिने ब्रेक दाबला आणि पुढच्या डाव्या चाकातून तो आवाज पुन्हा आला. खर्रर्र. लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्यासारखा. शेजारच्या स्कूटरवरच्या माणसाने आधी चाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग दुसऱ्याच्या घरातलं भांडण कानावर आल्यावर करतात तसा चेहरा करून तो समोर बघू लागला. तिच्या डोक्यात तिडीक गेली. कालच तर गाडी दुरुस्त होऊन आली होती. पांढरे हातमोजे घालणारा तो गॅरेजवाला, ज्याला ती मनातल्या मनात डॉक्टर म्हणायची, त्याने गाडीला संगणकाची वायर जोडली होती, पडद्यावरच्या रंगीत रेघा तिला समजावून सांगितल्या होत्या, चाकाचं बेअरिंग बदललं होतं आणि 'आता लोण्यासारखी चालेल, मॅडम' म्हणत किल्ली हातात ठेवली होती. जुनं बेअरिंग मागितलं तर म्हणाला, ते कंपनीला परत पाठवावं लागतं. कुठल्या कंपनीला, आणि कंपनी त्याचं काय लोणचं घालते, हे तिने विचारलं नव्हतं. लोणी म्हणे! तिने वैतागून स्टिअरिंगवर तळहात आपटला, तो नेमका हॉर्नवर पडला, आणि पुढच्या गाडीतल्या बाईने काचेतून हात बाहेर काढून लाल दिव्याकडे बोट दाखवलं.

आवाज हा तर तिचा रोजचा धंदा. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिथे खिडकी नाही आणि भिंतींना छिद्रांच्या फळ्या लावल्या आहेत, तिथे ती माणसांना काचेआडच्या खोलीत बसवून त्यांचे कान तपासायची. कानावर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं, इतकं साधं. पण इतकं साधं काही नसतं हे तिला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. भिडस्त माणसं सूर नसतानाही बटण दाबत राहतात, तपासणाऱ्या बाईला वाईट वाटू नये म्हणून. हट्टी माणसं ऐकू येऊनही दाबत नाहीत, पुरती खात्री होईपर्यंत. ती मात्र खरा आवाज आणि वाटलेला आवाज यांत कधी गफलत करायची नाही, निदान असा तिचा समज होता. आणि आता गेले काही आठवडे हे एक चाक तिला खोटं पाडत होतं. गॅरेजच्या दारात गेली की चाक चिडीचूप. पहिला गॅरेजवाला, ज्याच्या तोंडी 'हो हो' सोडून दुसरा शब्द नसायचा, तो तिच्या शेजारी बसून अख्खी चक्कर मारून आला तरी चाकाने ब्र काढला नाही. "ब्रेक दाबला की येतो हो आवाज," ती म्हणाली. "हो हो," तो म्हणाला. "कधी येतो, कधी नाही." "हो हो, तसंच असतं ते." "पण झालंय काय?" "हो, बघायला लागेल. एकदा साहेबांना घेऊन या ना." कुठले साहेब? तिला तिथल्या तिथे त्याला काचेच्या खोलीत कोंडून कानाशी भोंगा वाजवावासा वाटला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरी येताना, गल्लीच्या वळणावर, चाक खदाखदा हसल्यासारखं खरखरलं.

साहेब म्हणजे बाबाच म्हणायचे. गाडी त्यांची. रोज ती कामावर नेई, आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी बाबा आईला त्याच गाडीतून व्यायामोपचाराला नेत. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे चाललं होतं. जाताना चढ, येताना उतार. उताराच्या तळाशी शाळा. हा उतार तिला हल्ली झोपेतही दिसायचा. बाबांना आवाजाचं सांगितलं तर ते म्हणाले, "नवे पॅड आहेत, बसायला वेळ लागतो." म्हणजे ब्रेकचे पॅड. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, आतून आणि बाहेरून चिमटीत धरून थांबवतात त्या दोन जाड पट्ट्या. एका अंगाला घासून झिजायचा मसाला, दुसऱ्या अंगाला पोलादी पाठ. ते पॅड बाबांनीच बसवले होते, मागच्या महिन्यात, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, जसे ते आयुष्यभर बसवत आले होते. आपल्या गाडीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही हा त्यांचा बाणा. त्यांचं आयुष्य कारखान्याच्या तपासणी खोलीत गेलं होतं, दुसऱ्याने केलेला भाग मापाला लावायचा, प्रकाशात धरायचा, आणि नापास करायचा. पास केल्याची हकिगत त्यांनी घरी कधी सांगितली नाही, नापास केल्याच्या सांगितल्या. जगातले सगळे मेकॅनिक चोर, आणि जे चोर नाहीत ते आळशी, हे तिने पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं. नाइलाजाने कधी गाडी बाहेर द्यावी लागलीच तर घरचा एक कायदा होता: जुना भाग परत आणायचा. तो आल्याशिवाय बाबा जेवायला बसत नसत. खिडकीशी उभं राहून तो उलटासुलटा करून बघत आणि म्हणत, "हा अजून चालला असता. फसवलं." मग त्यांना भूक लागायची.

टॉर्च धरायचं काम तिचं. सहा-सात वर्षांची असल्यापासून. "नीट धर. तिकडे नाही, माझ्या हातावर. हातावर म्हणजे हातावर नाही गं, हात करतोय त्याच्यावर." तिचा दंड भरून यायचा, मान अवघडायची, डास चावायचे, आणि आपण नेमकं काय उजळतोय हे तिला कधीच कळायचं नाही, कारण बाबांचं डोकं मध्ये असायचं. शिकवलं त्यांनी काहीच नाही. इतक्या वर्षांत तिने जे पाहिलं ते त्यांच्या डोक्याचा मागचा भाग, जो आधी काळा होता, मग करडा, आता पांढरा. म्हणूनच तिला या विषयाची चीड होती, दोन्ही बाजूंनी. स्वतः करावं तर येत नाही, फोनवर बघितलेल्या व्हिडिओंतल्या माणसांचे बोल्ट नेहमी सहज निघतात आणि त्यांच्या गाड्यांना चिखल कसा तो लागलेलाच नसतो. दुसऱ्याला द्यावं तर मनात बाबा बसलेले, दर वाक्याला नाक मुरडणारे. चाळिशी उलटलेल्या बाईला साधा एक मेकॅनिक स्वतःच्या मनाने निवडता येऊ नये याचा तिला संताप यायचा, आणि संताप नेमका कुणावर काढावा हे न कळल्याने तो भाजीवाल्यावर निघायचा.

मागच्या महिन्यातही टॉर्च तिनेच धरला होता. तिला ते आता, सिग्नल हिरवा होऊन मागच्यांनी कोकलायला सुरुवात केल्यावर, गिअर टाकता टाकता आठवलं. बाबांनी आतला पॅड हातात घेऊन दोनदा फिरवला होता. अंगठ्याने एक बाजू चाचपली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. आजवर ते भाग डोळ्यांपुढे धरत, चष्मा कपाळावर चढवून. या वेळी त्यांनी पाहिलं नाही, चाचपलं. तिला वाटलं होतं, सराव आहे, बघायची गरज नसेल. तिने टॉर्च जरा वर केला तर ते खेकसले, "डोळ्यात नको." मग पॅड आत गेला. त्याच दुपारी त्यांनी उकळत्या चहाचा स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरला होता, आणि आई म्हणाली होती, "अहो, भाजतंय ना?" तर त्यांनी पेला खाली ठेवून तळव्यांकडे पाहिलं होतं. बाबांना साखरेचा आजार जुना, आणि साखरेने बोटं बधिर होतात हे इस्पितळात काम करणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. पण माहीत असणं आणि बेरीज करणं यांत अंतर असतं. बेरीज तिने केली नव्हती, आताही केली नाही. तिने फक्त इस्पितळात फोन लावून आज उशीर होईल असं सांगितलं आणि गाडी उजवीकडे, एका सहकाऱ्याने सुचवलेल्या तिसऱ्या गॅरेजकडे वळवली.

तिसरा तुसडा होता. तिने त्याचं नावच ते ठेवलं, कारण तिने "नमस्कार" म्हटलं तर तो म्हणाला, "गाडी रस्त्यात लावलीत." पोट सुटलेलं, कपाळाला आठ्या, गळ्यात सोन्याची साखळी, आणि भिंतीवर स्वतःचाच बक्षीस घेतानाचा भलामोठा फोटो. कसल्याशा शर्यतीत त्याने तयार केलेली गाडी पहिली आली होती आणि ही गोष्ट तिला बसायच्या आत ऐकून घ्यावी लागली. ती आवाजाबद्दल आणि काल बदललेल्या बेअरिंगबद्दल सांगू लागली तेव्हा त्याने हात वर केला. "तुम्ही सांगू नका. सांगणारे चुकीचंच सांगतात." तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी कान तपासते, असं ती सांगणार होती, पण त्याने तोवर चाक काढलं होतं. खाली वाकून त्याने पाहिलं. मग तो हसला, आणि ते हसू तिला मुळीच आवडलं नाही.

"हे कुठल्या शहाण्याने बसवलं?"

त्याने बाहेर काढलेला पॅड तिच्या नाकापुढे धरला. मसाल्याचं अंग नवंकोरं, त्यावर फक्त पॅडला मागून ढकलणाऱ्या पिस्टनचा गोल ठसा. आणि पोलादी पाठीवर खोल, चकचकीत, वर्तुळाकार चरे. आतला पॅड उलटा बसवला होता. इतके दिवस मसाल्याच्या जागी उघडं लोखंड तबकडीवर घासत होतं. "डिस्क खाल्ली ह्याने," तुसडा म्हणाला. "एका बाजूने झिजून चंद्रकोर झालीय. अजून थोडे दिवस चालवली असती ना, तर उतारावर कळलं असतं."

तो उतार हा शब्द उगाच बोलला होता, त्याला काय माहीत. तिला मात्र बसायला स्टूल शोधावं लागलं. "रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये," ती म्हणाली. "हो-हो करणारा एक आहे, त्याच्याकडे." जीभ इतक्या सहज वळली की तिचं तिलाच नवल वाटलं. हो-हो बिचारा निदान काही न करता हो म्हणाला होता.

"छ्या. गॅरेजवाल्याचं काम नाही हे." तुसडा बोल्टांवरून चिंधी फिरवत होता. "बघा, बोल्ट ब्रशने घासून बसवलेत. ग्रीस लावलंय, नेमक्या जागी. पिन पुसून मग तिच्यावर रबरी टोपण चढवलंय. एवढी निगुती गॅरेजात कोण करतं? मीसुद्धा करत नाही. हे घरच्या माणसाचं काम. हात चांगला होता त्याचा कधीकाळी." त्याने पॅड ओट्यावर टाकला. "पण आता त्याच्या हातात गाडी देऊ नका. कोण असेल तो असो. आणि हे बेअरिंग कुणी बदललं म्हणालात? ह्याला कुणी बोटही लावलेलं नाही, धूळ बघा. तुम्ही भलत्या साध्या दिसता."

तिला त्याचा राग आला. डॉक्टरचा यायला हवा होता, ज्याने बेअरिंग न बदलताच बदललं होतं, पण आला तो याचा. आयुष्यभर ती एक प्रामाणिक मेकॅनिक शोधत होती, असा की ज्याच्यापुढे बाबांचं नाक मुरडायचं थांबेल. आणि तो भेटला तर असा. याने खोटं बोलायला काय हरकत होती? बेअरिंग गेलंय, पंप गेलाय, सगळी गाडीच गेलीय म्हणाला असता तर तिने हसत मान डोलावली असती. फसवणूक परवडली असती. फसवलं गेलं की घरी जाऊन सांगता येतं, शिव्या देता येतात, बाबांना भूक लागते. मध्येच फोन वाजला. बाबाच होते. "गाडी कुठाय? इस्पितळात फोन केला, तर तू तिथे नाहीस." तिने गॅरेजमध्ये असल्याचं सांगितलं. तिला वाटलं, आता सुरू होईल. पण ते एवढंच म्हणाले, "जुना भाग घेऊन ये."

संध्याकाळी गाडी ताब्यात घेताना भाग मागायचं तिच्या लक्षात होतं, आणि ती मुद्दाम मागणार नव्हती. मागितलं नाही म्हणजे मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे बाबा म्हणतील, चोर, आणि प्रकरण मिटेल. किल्ली घेऊन ती वळली तर तुसड्याने मागून हाक मारली. "अहो, हे कोण नेणार? माझ्याकडे भंगार ठेवायला जागा नाही." वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जड पुडकं त्याने खिडकीतून शेजारच्या सीटवर टाकलं. घरी येताना प्रत्येक सिग्नलला ब्रेक मुकाट्याने लागला. कसलाच आवाज नाही. वाटेत नाल्यावरच्या पुलावर तिने गाडी बाजूला घेतली. पुडकं हातात घेतलं. खाली पाणी काळं होतं आणि कठड्यापाशी उभं राहून हात सोडायचा एवढंच काम होतं. मग बाबा पुढच्या वेळीही स्वतःच खाली बसतील, अंगठ्याने चाचपतील, आणि शेजारच्या सीटवर आई असेल. मागे एकदा तिने बाबांचे कान तपासले होते, तेही असंच. ते काचेत तिच्या खांद्याचं प्रतिबिंब बघून बटण दाबत होते. खांदा हलला की सूर आला. तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली तेव्हा बराच वेळ बटण वाजलंच नाही, आणि बाहेर येऊन ते म्हणाले, "तुझं यंत्र एकदा मापाला लावून घे." तेव्हा ती हसली होती. कठड्यावरून परत गाडीत बसताना तिला रडू येत होतं आणि रडण्याचाही वैताग येत होता.

आईने दार उघडलं. "आलीस? सकाळपासून खिडकी सोडलेली नाही त्यांनी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी तर हल्ली उतारावर डोळेच मिटून घेते. झालं का नीट?" म्हणजे हिलाही ठाऊक होतं! तिला आईला गदागदा हलवावंसं वाटलं. पण आई काठी टेकत आत निघून गेली, आणि बाबांनी हात पुढे केला. तिने पुडकं दिलं.

त्यांनी कागद सोडला. चष्मा कपाळावर चढवला, पॅड खिडकीशी नेला. आधी मसाल्याचं अंग बघितलं, गोल ठसा बघितला. मग पाठ फिरवली. अंगठा चऱ्यांवरून गेला आणि तसाच पुढे घसरला. त्यांनी पुन्हा फिरवला. मग बाही वर सरकवून त्यांनी पॅडची पाठ मनगटाच्या आतल्या, नाजूक कातडीवर अलगद ओढली. तिथे त्यांना लागलं. ही युक्ती आजची नव्हती. कितीतरी दिवसांच्या सवयीने तो हात वळला होता.

"मागितलास?"

"नाही. त्यानेच दिला."

"स्वतःहून?"

"हो."

"काय म्हणाला?" ती चपला काढायला वळली. "अर्धा अहवाल चालत नाही. सगळं सांग."

"म्हणाला, बोल्ट फार निगुतीने बसवलेत. ग्रीस नेमक्या जागी आहे. म्हणाला, आपणसुद्धा एवढं करत नाही. आणि म्हणाला, ज्याने केलंय त्याच्या हातात आता गाडी देऊ नका."

बाबांनी पॅड कागदावर ठेवला, पाठ वर करून. कागदाची टोकं सारखी केली. "बरोबर बोलला," ते म्हणाले. "माणूस बरा दिसतोय."

हे वाक्य ऐकण्यासाठी तिने काय नाही केलं असतं. आणि आता ते आलं तर ती उसळली. "बरा कसला? तुसडा आहे नुसता. उद्धट. स्वतःचाच फोटो लावलाय भिंतीवर. मला बोलूसुद्धा दिलं नाही. बाबा, तुम्ही बघा तर खरं, काहीतरी चुकलं असेल त्याचंही. नवे पॅड हलके घातले असतील. डिस्क चालली असती कदाचित. तुम्ही बघितल्याशिवाय कशाला पास करता?"

बाबा खुंटीवरचा टॉर्च काढून म्हणाले, "चल."

पार्किंगमध्ये उजेड कमी झाला होता. बाबांनी सांगितल्याप्रमाणे तिने स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं, म्हणजे चाक वाकडं होऊन मागून आतलं दिसतं. ती उतरली आणि नेहमीप्रमाणे टॉर्चसाठी हात पुढे केला. बाबांनी टॉर्च दिला नाही. ते गुडघ्याला हात लावून हळूहळू खाली बसले, तिच्या बाजूला सरकले, आणि म्हणाले, "तू बघ. मी धरतो."

तिने डोकं आत घातलं. प्रकाश आधी टायरवर पडला, मग लोखंडी दांड्यावर, मग तिच्या डोळ्यांत. मान अवघडली. काहीच दिसेना. "अहो, नीट धरा ना बाबा," ती खेकसली, "तिकडे नाही, इकडे," आणि आपल्या तोंडून कुणाचा आवाज निघाला हे कळून ती तशीच वाकलेली थांबली.

बाबांनी दुसऱ्या हातानेही टॉर्च धरला. प्रकाश सरकला आणि जागेवर आला.

"मसाला कुठल्या अंगाला आहे?" त्यांनी विचारलं.

"डिस्ककडे."

"नक्की? नीट बघून सांग."

तिने बोट आत घालून चाचपलं. "नक्की."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, पण टॉर्च त्यांनी विझवला नाही, आणि तीही बाहेर आली नाही.